खुर्चीपर्यंतची कॉफी

बरकतपुरा, हैदराबाद
१३ जानेवारी १९९६

श्री

चि. पल्लवी,

तुला आणि तुझ्या त्या सिंगापूरला आशीर्वाद. तिळगूळ पाकिटात मावत नाही, तेव्हा गोड बोलण्यावरच भागव.

अक्षर पाहून दचकू नकोस. पेन नवीन आहे, शाई धड उतरत नाही. बांधकाम खात्यात जन्मभर नक्शानवीस म्हणून रेघा ओढल्या, पण ही आजकालची पेनं आपल्या हाताला मानवत नाहीत बघ.

काम असं आहे. मला घरी चांगली कॉफी करणारं मशीन पाहिजे. आता इथेही अबिड्सला काचेआड परदेशी माल मांडून ठेवलाय. पोरं टाय लावून उभी असतात आणि विचारलं की 'अंकल, फुल्ली ऑटोमॅटिक' एवढंच सांगतात. एकाने मला लग्नात असतं तसलं भुस्स-फुस्स करणारं धूड दाखवलं. मी म्हटलं, बेटा, ही कॉफी नव्हे, हा दुधाचा फेस आहे. तो हसला आणि पुन्हा 'फुल्ली ऑटोमॅटिक' म्हणाला.

तू तिथे जगभरच्या मशीनांच्या बाजारात बसली आहेस. आमच्या घरी राहून इंजिनियर झालीस, माझ्या हातची कॉफी पिऊन परीक्षेला जायचीस. तेव्हा चव तुला सांगायला नको. डिकाशन दाट उतरलं पाहिजे. झाकण-बिकण फार फिरवायला लागू नये, वजनाला हलकं असावं आणि बटणं कमी असावीत. म्हातारपणी काय हे चोचले, म्हणशील. हौ, चोचलेच आहेत.

काकूला यातलं काही लिहू नकोस. मला तिला एकदम दाखवायचंय. काचिगुड्याच्या दुकानातून पीबेरीच्या बिया आणि जराशी चिकोरी दळून ताजी पोडी आणली की नंतर गंमत.

तुझा,
भगवंतकाका


सिंगापूर
१ फेब्रुवारी १९९६

श्री

ती. काकांना नमस्कार.

पहिलं म्हणजे ते पेन फेकून द्या! तुमचं मोत्यासारखं अक्षर मी इथे मैत्रिणींना दाखवायचे, आता काय दाखवू?

काका, तुमचं पत्र वाचून इतकी मजा आली ना. तीन शनिवार दुकानं हिंडले. एक प्रकार आहे तो काचेच्या भांड्याचा, वरून दट्ट्या दाबायचा. तो मी बाद केला, गाळ राहतो खाली. दुसरा आपोआप थेंब थेंब गाळणारा, कागदाची गाळणी घालून. बटण एकच, पण कॉफी मला जरा पातळ वाटली. आणि तिसरा, काका, तिसरा म्हणजे खरा राजा! दांड्याच्या चमच्यात पोडी दाबून भरायची, दांडा गच्च फिरवून अडकवायचा, आणि वाफेच्या दाबाने असं काळंभोर, दाट डिकाशन उतरतं की बस्स. दुकानात दोन कप प्यायले आणि तुमचीच आठवण आली.

तुम्ही म्हणालात फिरवायला लागू नये, पण खऱ्या कॉफीला दाब हवाच, आणि दाबाला ते फिरवणं आलंच. दोन दिवसांत हात बसेल तुमचा. ज्या हाताने केसासारख्या रेघा काढल्या त्याला एक दांडा काय अवघड?

घेऊन टाकलंय. ऑफिसातला निखिल पुढच्या आठवड्यात सुटीवर येतोय, त्याचे आईवडील कुकटपल्लीला राहतात. तो घरी आणून देईल. काकूचा चेहरा कसा झाला ते मात्र सगळं लिहा.

तुमची,
पल्लवी


बरकतपुरा
५ फेब्रुवारी १९९६

श्री

चि. पल्लवीस काकूचे खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या काकांनी तुला पत्र घातलं ते पाकीट पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिलं. चिकटवून! आता ह्या माणसाला काय म्हणावं? मग एके दिवशी वरच्या पद्मावतीकडे जाऊन मशीनच्या जाहिरातींची कात्रणं मागून आणली आणि गादीखाली ठेवली. ती गादी रोज मी झाडते.

तू काही घेऊन धाडायच्या आधी हे लिहिते आहे, देव करो आणि वेळेत मिळो. ह्यांचा उजवा हात कापतो गं. वर्ष होऊन गेलं. डॉक्टर कंपवात म्हणाले, गोळ्या चालू आहेत, वाढत जाणार म्हणाले. आम्ही दोघं घरात त्या थरथरीचं नाव काढत नाही. ते हात खिशात घालतात आणि मी दुसरीकडे बघते. पण सकाळी फिल्टरचं झाकण निघत नाही, पोडी ओट्यावर सांडते, मग मला आतून 'हत् तेरे की' ऐकू येतं आणि मी इथे पेपर तोंडासमोर धरून बसते.

तू म्हणशील, काकू, तूच का नाही करत कॉफी? तुला ही गोष्ट कुणी सांगितली नसेल. लग्नाला तिसरं वर्ष होतं. आमचं बाळ गेलं, आठवड्याचंही नव्हतं. मी अंथरूण धरलं. बोलणं बंद, खाणं बंद. माहेरचे आले, रडून गेले. त्या काळी आमच्याकडे पुरुषमाणूस चुलीपाशी जात नसे, आणि सासूबाई तर कडक. तरी एका सकाळी हे ऑफिसातल्या मद्रासी साहेबाकडून फिल्टर मागून घेऊन आले, स्वतः कॉफी केली आणि माझ्या उशाशी आणली. मी परभणीची, आम्ही चहावाले. इतकी कडू, इतकी कडू! मी म्हटलं, 'साखर घालायची राहिली का हो?' कित्येक दिवसांत माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द ते. हे तिथेच खाली फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

त्या दिवसापासून सकाळची कॉफी ह्यांची. सासूबाईंनी बोल बोल बोलून घेतलं, ह्यांनी सोडली नाही. माझ्या पेल्यात साखर जास्त, ह्यांच्यात नाहीच.

आता ह्यांच्या मनात बसलंय की ज्या दिवशी ही कॉफी बंद पडेल त्या दिवशी मी पुन्हा अंथरूण धरीन. आणि मला भीती उलटी आहे. ज्या दिवशी ह्यांना जमेनासं होईल, त्या दिवशी हेच उठायचे नाहीत. म्हणून मशीन घे, पण ह्यांच्या हाताला झेपेल असंच घे गं बाई. दांडे आणि पेच असलेलं काही धाडू नकोस. आणि मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
तारामतीकाकू


बरकतपुरा
२ मार्च १९९६

श्री

चि. पल्लवी,

मशीन पोचलं. काय चीज आहे! निखिल सज्जन पोरगा, चहा घे म्हटलं तर म्हणाला कॉफीच पितो, म्हणून त्यानेच चालवून दाखवलं. डिकाशन असं उतरलं की पद्मावतीबाई वास घेऊन जिना उतरून खाली आल्या. काकू तर बघतच राहिली.

पहिले काही दिवस रोज वापरलं. दांडा थोडा कडक आहे, होईल सैल हळूहळू. परवा नीट अडकला नव्हता तर निघाला आणि वाफ हातावर आली, पण मलम लावलं, काही फिकीर करू नकोस. अक्षर त्यामुळेच वाकडं आहे. बोटाला फडकं गुंडाळलंय ना.

काकू म्हणते, इतकं भारी मशीन रोज वापरून खराब होईल, पाहुण्यांसाठी ठेवू. तिने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय आणि दिवाणखान्यात टी.व्ही.शेजारी मांडलंय. फार शोभतं तिथे. मीही म्हटलं, बायकांच्या हौशीत आपण कशाला पडा? तूर्त जुना फिल्टरच चालवतो.

तुझी निवड एकदम अव्वल. मनाला लावून घेऊ नकोस.

भगवंतकाका


सिंगापूर
२० मार्च १९९६

श्री

प्रिय काकू,

आज पाडवा, आणि मी सकाळपासून रडते आहे.

तुझं पत्र निखिल निघाला त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडलं. मी त्याला इथून फोन लावत बसले, तो केव्हाच विमानात. आणि आता काकांचं पत्र. त्यांना वाफ लागली काकू, माझ्या त्या 'राजा' मशीनची! आणि वर मलाच लिहितात, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी साधं सोपं सांगितलं होतं, फिरवायला लागू नये, हलकं असावं. मी चव चव करत बसले.

तू त्यावर रुमाल घालून ते दूर नेऊन ठेवलंस ना? ते तूच केलंस हे मला कळलं. किती गं हुशार तू.

आता मी वेगळ्या पद्धतीने बघते आहे. गेले दोन रविवार दुकानात जाऊन मी प्रत्येक मशीन डाव्या हाताने, मुद्दाम हात हलवत वापरून बघितलं. विकणारी मुलगी आधी हसली. मग मी तिला कारण सांगितलं, तेव्हा ती आत गेली आणि मागची सगळी खोकी बाहेर काढून बसली. तिचे आजोबाही तसेच आहेत म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून एक निवडलंय. मी जे पातळ म्हणून नाकारलं होतं ना, त्याच जातीचं. वर पाणी ओतायचं, कागदी गाळणी घालायची, तीही नुसती ठेवायची, दाबायची नाही. एक मोठं बटण, तळहाताने दाबलं तरी लागतं, आणि लाल दिवा पेटतो. पोडी जास्त घातली की डिकाशन दाट येतं, मी करून पाहिलं. काचेचं भांडं काढून थेट पेलाच खाली ठेवता येतो, म्हणजे ओतायचंही नाही. दूध आणि साखर आधीच पेल्यात घालून ठेवायचं.

फक्त तुझ्या त्या पितळी पेल्याची उंची मला कळव, दोरा लावून मोज आणि दोराच पाकिटात घाल. पेला बसला नाही तर सगळं फुकट. काकांना मी असं लिहिते की ऑफिसात लॉटरीत लागलंय, मला जागा नाही, तुम्हीच ठेवून घ्या.

तुझी पल्लवी


बरकतपुरा
४ ऑगस्ट १९९६

श्री

चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद.

किती दिवस झाले तुला लिहून. उन्हाळा असा गेला की काही विचारू नकोस, आणि मध्ये माझी तब्येत जरा कुरकुरत होती. आता बरी आहे.

तू धाडलेल्या नव्या मशीनचं सांगते. अगं, दोऱ्याने मोजलेला पेला त्यात असा बसला, जणू त्याच्याचसाठी घडवलंय! पहिल्या दिवशी ह्यांनी मला आत येऊ दिलं नाही. दार लोटून घेतलं. लाल दिवा लागला, फस्स असा आवाज आला, वास सुटला, आणि हे दारात येऊन उभे राहिले. 'झाली,' म्हणाले. एवढंच. पण वर्षभरात मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. लॉटरीच्या गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवलाय, किंवा ठेवल्यासारखं दाखवलंय. हल्ली आमच्या घरात दाखवणंच फार.

पण एक गोष्ट तुझ्याही ध्यानात आली नाही आणि माझ्याही. मशीनने कॉफी केली, पण ती माझ्यापर्यंत आणायची कुणी? माझी सागवानी खुर्ची तुला आठवते ना, पुढच्या खोलीत खिडकीशी? स्वयंपाकघरातून तिथे येईपर्यंत पेला अर्धा होतो. शहाबादी फरशीवर थेंबांची रांग. ह्यांना ती पुसताही येत नाही आणि मी पुसलेली बघवतही नाही. मी म्हणते, 'मला एवढीच लागते हो, जास्त झाली की पित्त होतं.' मी आत जाऊन पेला घ्यावा तर तेही चालत नाही. एकदा गेले, तर म्हणाले, 'म्हणजे आता एवढंही मी करू नको?' त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी एक लबाडी केली. कुणाला सांगायचं नाही हं. हे आंघोळीला गेले की मी खुर्ची वीतभर स्वयंपाकघराकडे सरकवते. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. एकदम नाही, नाहीतर ध्यानात येईल. खिडकीपासून निघालेली खुर्ची आता पार स्वयंपाकघराच्या दाराजवळ आली आहे, आणि ह्यांना पत्ता नाही! विचारलंच तर सांगणार, झाडताना सरकली. आता पेला बराच भरलेला येतो. खुर्ची मात्र जड मेली, सरकवली की दम लागतो, छातीत धडधडतं. मग पदराने वारा घेत बसते आणि हे बाहेर येईपर्यंत पेपर उघडते.

आणि ह्यांचं खूळ ऐक. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, भिंतीवर, इलेक्ट्रिशियन बोलावून बल्ब लावून घेतला. का, तर म्हणे मशीनचं बटण नीट दिसत नाही. मशीन आत, बल्ब बाहेर! मी म्हटलं खामखा बिल वाढवून ठेवा. पण मला पेपर वाचायला बरा पडतो हो तो.

दिवाळीला येशील का? मशीन नको, काही नको, तू ये.

तुझी काकू


सिंगापूर
३ सप्टेंबर १९९६

श्री

काकू, काकू, काकू!

खुर्चीचं वाचून मी ऑफिसात एकटीच हसत होते आणि डोळ्यांत पाणी. चालती खुर्ची! तुला कुणी सांगितलं होतं इतकी लबाड व्हायला?

आता ऐक. यावरही उपाय मिळालाय. इथे झाकणाचा मग मिळतो, झाकणाला छोटंसं भोक असतं पिण्यापुरतं. कितीही हलवा, थेंब पडत नाही. मी पाण्याने भरून बसमध्ये घेऊन हिंडले. दोन घेतलेत, तुझा लाल आणि काकांचा निळा. मशीनखाली बसतो का तेही तुझ्या दोऱ्याने मोजून पाहिलं. बसतो! म्हणजे आता तुझी खुर्ची पुन्हा खिडकीशी जाऊ शकेल, उजेडात, वाऱ्यात.

दिवाळीची रजा मंजूर झाली आहे. तिकीट काढलं. मग मीच घेऊन येते. दम लागतो म्हणतेस तर फार ओढाओढ करू नकोस, थोडीच कळ काढ. आणि काकांना कॉफीची ताजी पोडी आणून ठेवायला सांग, मी आल्या आल्या पिणार.

तुझीच,
पल्लवी


बरकतपुरा
६ ऑक्टोबर १९९६

चि. पल्लवी,

वर श्री घातलेला नाही, त्यावरून तुला समजलं असेल.

तुझी काकू गेली. मागल्या गुरुवारी. सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर आलो तेव्हा पेपर तिच्या मांडीवर होता आणि मान एका बाजूला. मला वाटलं डुलकी लागली. मी पेला घेऊन उभा राहिलो, उठवू की नको म्हणून. मग हाक मारली.

डॉक्टर म्हणाले हृदय आधीपासून थकलं होतं, महिनोन्महिने त्रास होत असणार. मला काही माहीत नव्हतं.

पद्मावतीबाई तुला फोन करते म्हणाल्या, मीच नक्को म्हटलं. परक्या देशात एकटी पोर, फोनवर ऐकून काय करशील? परभणीहून तुझे वडील आले आहेत, तुझा भाऊ विकास आणि त्याची बायकोही आहेत, सगळं नीट चाललंय. तुझं शेवटचं पत्र तिला मिळालं होतं. ते मला वाचू दिलं नाही, 'आमचं बायकांचं आहे' म्हणाली आणि हसली. तू येणार, येणार म्हणून फराळाची भाजणी दळायला टाकायची होती तिला.

रडू नकोस.

भगवंतकाका


सिंगापूर
१९ ऑक्टोबर १९९६

ती. काका,

श्री मलाही घालवत नाही.

पत्र उघडलं, वरची कोरी जागा दिसली आणि पुढचं वाचायच्या आधीच मी खाली बसले. तुमच्यावर खूप राग आला काका, फोन का नाही केलात. मग वाटलं, फोन आला असता तरी मी काय केलं असतं?

तिकीट आहे तेच आहे. मी येते आहे, दिवाळी नसली तरी. तोवर एक गोष्ट माझ्याच्याने पोटात ठेववत नाही. काकूने कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, पण आता तिचं तुम्हाला मिळालं पाहिजे असं वाटतं. काका, तुम्ही कॉफी घेऊन यायचात तेव्हा पेला सांडायचा ना? तुमचं चालणं कमी व्हावं म्हणून काकू तुम्ही आंघोळीला गेलात की आपली खुर्ची थोडी थोडी स्वयंपाकघराकडे सरकवायची. महिनेच्या महिने. तुम्हाला कळू नये म्हणून वीतभर वीतभर. तिला किती आनंद झाला होता की तुम्हाला पत्ता लागला नाही. मी वाचून हसले होते.

त्याच पत्रात तिने लिहिलं होतं, खुर्ची ओढली की दम लागतो. तेही मी वाचलं होतं काका. आणि उत्तरात झाकणाच्या मगांचे रंग लिहीत बसले, तिचा लाल, तुमचा निळा.

तुमची,
पल्लवी


बरकतपुरा
२ नोव्हेंबर १९९६

चि. पल्लवी,

अक्षराला या वेळी कारण देत नाही. हात कापतो. तुला केव्हाचं माहीत आहे हे मला माहीत होतं. लॉटरीत लागलेल्या मशीनमध्ये आमच्या घरचा पेला मापात बसतो होय गं?

तू खुर्चीचं लिहिलंस ते बरं केलंस. पण बेटा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जन्मभर रेघेवर रेघ ठेवत आलेला माणूस मी. हात गेला म्हणून नजर गेली का? आंघोळ करून बाहेर आलो आणि खुर्चीचा मागचा पाय फरशीच्या सांध्यावर नव्हता. आधी वाटलं, झाडताना सरकली असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग माझ्या ध्यानात आलं की ही बाई माझ्याकडे चालत यायला लागली आहे, आणि मला कळू द्यायचं नाहीये तिला.

मी गप्प बसलो. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगू, मला त्यात आनंद होता. सकाळी आंघोळीला जाताना मी मुद्दाम जास्त वेळ लावायचो. बाहेर येऊन हळूच बघायचो, आज कुठवर आली. ती पेपरमागे लपलेली असायची, कान लाल झालेले. मला वाटायचं चोरी लपवते आहे म्हणून लाल झालेत. दम लागून झालेत हे या अकलेच्या खंदकाला कळलं नाही. ती खुर्ची किती जड आहे हे मला ठाऊक होतं पल्लवी, मीच घडवून घेतली होती. आणि मी रोज मजेत बघत राहिलो. तू मगांचं म्हणतेस. तू दूर होतीस. मी तर भिंतीपलीकडे होतो, अंगावर पाणी घेत.

खिडकी सुटली तशी ती उजेडातून आत आत आली. स्वयंपाकघराच्या दाराशी दिवसाही अंधार असतो, तुला आठवत असेल. डोळे बारीक करून पेपर वाचायची, पण मागे जायची नाही. तेव्हा मी तो बल्ब लावून घेतला. मशीनला कशाला लागतो उजेड, त्याला स्वतःचा लाल दिवा आहे. तिने मला बिलावरून बोलून घेतलं. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मी आता कुणाला विचारू?

दिवस झाल्यावर घर आवरताना विकासच्या बायकोने खुर्ची उचलून पुन्हा खिडकीशी नेऊन ठेवली. तिची काय चूक? तिची जागा तीच, असं सगळ्यांनाच वाटतं. पहिले काही दिवस मी पेला घेऊन तिथपर्यंत गेलो. सवय आहे, पाय जातात. सगळी वाट भिजली, हाताशी थोडीशीच राहिली.

मग काल सकाळी मीच खुर्ची ओढली. वीतभर वीतभर नाही, एकदम. दाराशी आणेपर्यंत धाप लागली, खाली बसावं लागलं. तेव्हा कळलं तिने काय ओढलं होतं. बल्ब लावला. मशीनचं बटण दाबलं. दूध आणि साखर आधी पेल्यात घातली होती, तू सांगितलंस तशी. दोन्ही हातांनी पेला धरला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. पल्लवी, एक थेंब सांडला नाही. एवढी भरलेली कॉफी मी तिला वर्षभरात दिली नव्हती.

ती तशीच गार होते. मोरीत ओतववत नाही, म्हणून मग मीच पितो. साखर तिच्या मापाची असते, मला फार गोड लागते.

तू ये. तो लाल मगही आण, तुला लागेल.

भगवंतकाका